शेषेराव कंडक्टरनं जुळवलेला सेट

आमच्या गावात आवाजातलं कुणाला कळतं असं विचारलं तर लोक माझं नाव सांगतात. तसं त्यांना मीच सांगून ठेवलेलं आहे. मी आनंदराज. सातवीच्या पुढं शाळेनं मला नेलं नाही, पण गोष्टी सांगत मी लातूरच्या मुरुडपासून माहूरपर्यंत गेलो. जयंतीच्या मंडपात बोललो, शाळांच्या गॅदरिंगला बोललो, बाजाराच्या पटांगणात बोललो. या दोन जिल्ह्यांतल्या झाडून साऱ्या खरखरणाऱ्या माइकांना माझं तोंड ओळखीचं आहे. एवढ्यावर माणसाला वाटतं, आपल्याला कान आहे. मला तसं वाटलं, आणि माझं वाटणं शेषेरावालाही खरं वाटलं. त्यातून जे झालं ते लिहितो. गोष्ट शेषेरावाची आहे. मी तिच्यात जागोजाग मान डोलावताना दिसेन, तेवढं सहन करावं.

शेषेराव लातूर डेपोत कंडक्टर होता. उभ्या आयुष्याची नोकरी त्यानं खरोखर उभ्यानंच केली. अजूनही घरात पाय फाकवून उभा राहतो, जणू आता गाडी वळणार आहे. एका बाजूला पिशवी लोंबकळून लोंबकळून त्याचा डावा खांदा जो खाली गेला तो पेन्शन लागल्यावरही वर आला नाही.

या माणसाला गाण्याचा भारी नाद. पण कंडक्टरला गाणं कसं मिळतं? स्टँडवरच्या हॉटेलात लागलेलं असतं तेवढं. मुखडा संपायचा, वाद्यं वाजायची, अंतरा आता उठणार, तेवढ्यात ड्रायव्हर हॉर्न द्यायचा आणि शेषेरावाला दोरी ओढून घंटी द्यावी लागायची. पुढच्या स्टँडवर दुसरं गाणं, त्याचाही मुखडाच. मुखडे स्टँडला आणि अंतरे धुळीला, अशी वाटणी. तो मला म्हणायचा, "आनंदराज, मला लई गाणी येतेत. सगळी अर्धी."

त्याचा दुसरा नाद म्हणजे सोयरिकी जुळवणं. कंडक्टरसारखा सोयरीक जुळवणारा मिळायचा नाही. कोण कुठं चढतो, कुणाकडं उतरतो, कुणाचा पोरगा म्हाताऱ्याला जागा देतो आणि कुणाचा खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतो, हे त्याला तिकीट देता देता दिसायचं. गाडीत पाहिलेलं माणूस खरं असतं, बघण्याच्या कार्यक्रमात पाहिलेलं पावडर लावलेलं असतं, असं त्याचं म्हणणं. जुळवणीचं त्यानं कधी काही घेतलं नाही. टॉवेल-टोपीचा आहेर आणि मंडपात पुढच्या रांगेतली खुर्ची, बस्स. मात्र एका गोष्टीचा गर्व होता. त्याच्या हातची एकही सोयरीक मोडलेली नव्हती. कुठं कुरकुर झाली की तो जायचा, पाटावर बसायचा, चहा घ्यायचा आणि दोन्हीकडच्या लोकांना सांगायचा, "नवीन हाय. बसल हळूहळू." बहुतेक ठिकाणी बसायचंही. की नुसतंच गप्प व्हायचं, हे बघायला आम्ही कुणी परत गेलो नव्हतो. आम्ही म्हणतो, कारण असल्या दौऱ्यांवर तो मला बरोबर न्यायचा. मी गोष्ट सांगून वातावरण मऊ करायचो आणि मग तो खिळा ठोकायचा.

त्याला एकच लेक, गीतांजली. औषधशास्त्राची पदविका घेऊन मुरुडच्या मेडिकलवर काम करायची. हसली की गल्लीच्या टोकाला कळायचं कोण हसलं. तिची सोयरीक शेषेरावानं स्वतः जुळवली, औशाच्या वैजनाथशी. खताचं-बियाण्याचं दुकान, पक्कं घर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. शेषेराव सांगायचा, "इतकी वर्सं त्या घरापुढून गाडी नेली. कधी आतून मोठा आवाज आलेला ऐकला न्हाई." त्याच्या लेखी यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं. उन्हाळ्यात लग्न झालं. पोर आखाडाला माहेरी आली. पंचमी झाली, झोके सुटले, तरी ती सासरी जायचं नाव काढीना.

मार नाही. मागणं नाही. दारू नाही. गाव विचारायचं, मग काय आहे? पोरीला ते सांगता येईना. "करमत न्हाई," एवढंच म्हणायची. आता करमत नाही ह्याला आमच्याकडं कारण मानत नाहीत. रुक्मिणबाई, म्हणजे शेषेरावाची बायको, लेकीशी बोलायची थांबली होती. औशाहून निरोप आला की अमावस्येच्या आधीच्या रविवारी वैजनाथ न्यायला येणार आहे. एका बाजूला न मोडलेल्या सोयरिकींचा गर्व, दुसऱ्या बाजूला लेक. आणि त्यांच्या मधोमध शेषेरावाला सुचलं काय, तर गाण्याचा सेट.

त्याचा हिशेब असा. घरात गाणं लागलं की पोरीचं मन हलकं होईल, आणि मन हलकं झालं की पाय औशाकडं वळतील. नवी स्लॅबची खोली झालेलीच होती. शिवाय आपल्याही वाट्याचे अंतरे राहिलेत. मला हा हिशेब पटला. मला त्याचे सगळेच हिशेब पटतात, म्हणून तर तो मला विचारतो.

लातूरला गंज गोलाईच्या मागच्या गल्लीत गुरुपादप्पांचं दुकान आहे. मूळचे निलंग्याकडचे, बोलण्यात कानडी हेल, आणि गिऱ्हाईक कितीही वेडं निघालं तरी आवाज न चढवण्याची सवय. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. खोली केवढी, भिंती कशाच्या, घरात कोण ऐकणार, असं सगळं विचारलं आणि एका जोडीवर हात ठेवला. म्हणाले, हे दोन स्पीकर आणि हा त्याच कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन जा. एका घरचे आहेत, एकमेकांसाठीच बनवलेत.

शेषेरावानं मान हलवली. "एका घरचं? मग तर जमायचंच न्हाई."

"का हो, मालक?"

"एका कुळात सोयरीक करत न्हाईत आमच्यात."

गुरुपादप्पांना वाटलं पाहुणा विनोद करतोय. ते हसले आणि माझ्याकडं बघितलं. मी हसलो नाही. आमच्या आज्यानं छप्पन सालीच देवक-बिवक सगळं नदीला सोडलं. घरी कुणी कूळ काढलं तर मी भांडतो. पण त्या दिवशी त्या दुकानात, दोन लाकडी खोक्यांच्या आणि एका पत्र्याच्या डब्याच्या कुळाचा प्रश्न निघाला, तर मी गंभीरपणे मान डोलावली. गुरुपादप्पांनी शेवटचा प्रयत्न केला. म्हणाले, "मग मामाच्या घरचं समजा की. मामाची पोरगी चालती ना तुमच्यात?"

"मामाचं कूळ येगळं असतंय," शेषेराव म्हणाला. तिथं विषय संपला.

मग त्यानं बघण्याचा कार्यक्रम सुरू केला. एका कंपनीचे उंच, रुंद स्पीकर पुढं आणायला लावले. फिरवून पाठ पाहिली, टरबुजासारखे टिचकी मारून पाहिले, उचलून वजन घेतलं, कारखाना कुठल्या गावचा ते विचारलं. आवाज ऐकला. भरदार, मोकळा, दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर जाणारा. तो त्याला आवडला. मग अ‍ॅम्प्लिफायर पाहायला घेतला. चार-पाच पाहिले आणि मन बसलं ते सगळ्यांत लहानावर. अंगावर बटणांचा पसारा नाही, एक निळा दिवा मंद जळतो, हात लावला तर घोंघावत नाही.

"ह्यो शांत हाय," तो मला म्हणाला. "पोरगी दमाची, पोरगा शांत. असल्याच जोड्या टिकतेत."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, उन्हाळ्यात, दुसऱ्या एका सोयरिकीच्या वेळी. तेव्हाही मी हो म्हणालो होतो. आता डोळे मिटले, कानामागं हात धरला, थोडा वेळ तसाच राहिलो, आणि म्हणालो, "बेस मोकळा हाय." हा शब्दप्रयोग मी एका बँडवाल्याच्या तोंडून उचलला होता. त्याचा नेमका अर्थ मला आजही माहीत नाही.

गुरुपादप्पांनी शांतपणे सांगितलं की मशीन चांगलं आहे, बॉक्सही चांगले आहेत, पण हे बॉक्स ह्या मशीनकडून झेपेल त्यापेक्षा जास्त मागतील. मशीन लहान खोलीतल्या लहान स्पीकरांसाठी आहे. बरं, घ्यायचंच असेल तर घ्या, महिन्याच्या आत आणलं तर बदलून देईन, फक्त खोके जपून ठेवा. यावर शेषेरावानं काय करावं? सगळे पुठ्ठ्याचे खोके त्यानं दुकानातच ठेवले. ज्याला परत आणायचं असतं तो खोके नेतो, म्हणाला. तीन डाग, म्हणजे दोन बॉक्स आणि मशीन, टेम्पोत ठेवले, वर वाकळ पांघरली, आणि आम्ही दोघं त्यांना धरून गावाकडं निघालो. वाटेत भेटणाऱ्यांना मीच ओरडून सांगत होतो की आत काय आहे.

रुक्मिणबाईनं दारात सेटला ओवाळलं. तारा जोडायचं काम माझ्याकडं आलं. लाल कुठं, काळी कुठं, हे मी अधिकारानं ठरवलं आणि एका स्पीकरला उलटं केलं. गीतांजलीनं येऊन ते सुलटं केलं. शेजारपाजारचे दारात, ओसरीवर, खिडकीशी जमले. आमच्याकडं दिवसा दार लावत नाहीत. दार लावलं की लोक काळजीनं विचारायला येतात. गीतांजलीच्या मोबाइलवरून शेषेरावाच्या आवडीचं ढोलकीचं गाणं लावलं. मुखडा असा आला, की नव्या भिंतींना अंगावर काटा आला असेल. शेषेरावानं डोळे मिटले. ढोलकी चढली. अंतरा उठायला लागला.

टक.

एवढासा आवाज झाला आणि सगळं बंद. निळा दिवा लाल झाला होता. शेषेरावानं डोळे उघडून दाराकडं पाहिलं, जणू खाली उतरून घंटी कुणी दिली ते पाहणार होता.

थोड्या वेळानं दिवा परत निळा झाला. परत लावलं. परत मुखडा पूर्ण, आणि ढोलकी चढली की टक. लोकांनी उरलेलं गाणं स्वतः म्हणून पूर्ण केलं आणि पांगले. ओसरीवरून उतरताना एकानं घंटीची दोरी ओढल्यासारखा हात केला, तो आम्हाला दिसला.

"नवीन हाय," शेषेराव म्हणाला. "बसल हळूहळू."

मीही तेच म्हणालो. आणि मग आम्ही त्या जोडीला नांदवायला लागलो. मशीन तापतं म्हणून त्याच्या मागं टेबलफॅन लावला. फॅनचा आवाज गाण्यापेक्षा मोठा झाला. जागेत दोष असेल म्हणून पूर्वेकडचं सगळं उचलून दक्षिणेकडं नेलं. दोघांना फार जवळ ठेवलंय, थोडं अंतर द्या, असं मी सुचवलं आणि लांब तार आणली. मग फार लांब झालं असेल म्हणून परत जवळ आणलं. एक दिवस मशीनला पूर्ण विश्रांती दिली. रुक्मिणबाईनं लिंबू-मिरची बांधली. ती म्हणाली, "भाऊजी, वाढलेलं ताट अर्ध्यावर उचलून न्यावं तसं करतंय ओ हे." मी तिला सांगितलं की वहिनी, मोठ्या कंपनीच्या वस्तू आधी रुळाव्या लागतात. आता हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. ते माझ्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते खरं वाटलं.

औषधाच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायची गीतांजलीला सवय. तिनं मशीन फिरवलं, मागची चिठ्ठी वाचली, मग स्पीकरची पाठ वाचली. मशीनवर आठ ओम लिहिलं होतं, स्पीकरवर चार. तिनं आम्हाला दोन ओळींत समजावलं. हे बॉक्स मशीनमधून जास्त वीज ओढतात. ती ओढ सोसेना की मशीन जळू नये म्हणून स्वतःच स्वतःला बंद करून घेतं. बिघाड कुठंच नाही.

शेषेरावानं विचारलं, "बारीक आवाजात चालतंय ना?"

"चालतंय."

"मग बारीक ऐकायचं."

तसं सुरू झालं. आवाज इतका खाली, की गाणं शेजारच्या घरात चाललंय आणि आपण चोरून ऐकतोय असं वाटावं. मशीन बंद पडेना झालं. अंतरे आले, सगळी गाणी शेवटापर्यंत गेली. पण त्यांत जीव नव्हता. ढोलकी कुणीतरी पुठ्ठ्यावर बोटं वाजवल्यासारखी. शेषेराव खुर्ची ओढत ओढत स्पीकरच्या इतका जवळ गेला, की शेवटी त्याचा कान जाळीला टेकला. त्याच्या दुसऱ्या बाजूच्या स्पीकरला मी. दोन मोठी माणसं दोन खोक्यांना कान लावून बसलेली पाहून लोकांनी काय समजावं? मी बाहेर सांगायचो, सेट एक नंबर हाय. लोक म्हणायचे, हो हो, दिसायला तर लईच चांगला हाय.

मला वाटतं शेषेराव त्या दिवसांत मनातून सुखावला होता. बंद पडत नाही म्हणजे नांदतंय. लेकीलाही तो हेच समजावत होता. थोडं खालच्या आवाजात राहा, निभतं सगळं. ती ऐकून घ्यायची आणि उठून भांडी घासायला जायची.

रविवारी वैजनाथ आला. पेढ्यांचा पुडा रुक्मिणबाईच्या हातात दिला, सासऱ्याच्या पाया पडला, मलाही नमस्कार केला. मला शेषेरावानं मुद्दाम बोलावलं होतं, गोष्ट सांगून वातावरण मऊ करायला. मी एक गोष्ट सुरू केली. वैजनाथ ती इतकी लक्ष देऊन आणि इतका गप्प ऐकायला लागला, की मला मध्येच वाटलं मी परीक्षा देतोय, आणि मी शेवट विसरलो. चाळीस गावांत सांगितलेली गोष्ट. मी खोकलो आणि पाणी मागितलं.

शेषेरावानं खालच्या आवाजात गाणं लावलं. चहा आला. गीतांजलीची पिशवी भरलेली नव्हती, ती भिंतीला टेकून उभी होती. वैजनाथ कपाकडं बघत म्हणाला, "मामा, माझ्याकडून काय चुकलं ते कळंना झालंय. मी हिला कधी काय बोललो का, विचारा."

"न्हाई," गीतांजली म्हणाली. "कधीच काय बोलला न्हाईत."

मग ती सावकाश सांगायला लागली. आतापर्यंत तिला जे सांगता आलं नव्हतं, ते त्या बारीक वाजणाऱ्या गाण्याच्या आडोशाला तिला सांगता आलं. म्हणाली, घर चांगलं आहे, सासूबाई चांगल्या आहेत. सकाळी सगळे उठतात, खाली मान घालून जेवतात, दुकानात जातात, येतात. मी काही विचारलं तर हो किंवा नाही. मी हसले की सगळे थांबतात. रागावत कुणीच नाही, फक्त थांबतात. मी आवाज खाली आणत गेले. आता कधी कधी मला कळत नाही, मी बोलले की नुसतंच मनात आलं.

कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. ते मी बोललो. आवाजातलं कळणारा, गोष्टी सांगणारा, गावचा शहाणा मी, आणि मी म्हणालो, "अगं, नवीन हाय. बसल हळूहळू."

बोलल्याबरोबर खोलीतल्या आम्ही चौघांनी एकदमच अ‍ॅम्प्लिफायरकडं पाहिलं. वैजनाथला काही कळेना. तोही आमच्या नजरेबरोबर त्या निळ्या दिव्याकडं बघायला लागला, आणि त्याचं ते प्रामाणिक बघणं पाहून गीतांजलीला हसू फुटलं. आखाडात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता, गल्लीच्या टोकाला कळेल असं.

वैजनाथ उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो खिडकीशी गेला आणि हळूच, काळजीनं, त्यानं खिडकी लावून घेतली. मग दार लोटलं. परत येऊन आपल्या जागी बसला.

गीतांजलीचं हसू थांबलं होतं. शेषेराव त्या लावलेल्या दाराकडं बघत राहिला. दिवसा लावलेलं दार. मला वाटलं तो आता आपलं नेहमीचं भाषण सुरू करील. त्याऐवजी तो उठला. पाय फाकवून थोडा वेळ खोलीच्या मध्ये उभा राहिला, मग जाऊन त्यानं दार उघडलं.

"पाव्हणं," तो वैजनाथला म्हणाला, "तुमी चांगले हाव. पोरबी चांगली हाय. जोडणी माझी चुकली. तिला मी धाडत न्हाई."

रुक्मिणबाईनं पदराखाली तोंड झाकलं. मी वैजनाथकडं बघायचं टाळलं आणि मग बघितलंच. त्या पोराच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. मग तो बोलला, आणि तो एवढं बोलतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "मामा, खरं सांगू का? हिची मला भीती वाटती. ही बोलली की काय उत्तर द्यावं ते मला सुचतच न्हाई. सुचस्तोवर ही दुसरं काहीतरी बोलती. मी दुकानात बसून आठवत बसतो, सकाळच्याला काय म्हणायला पायजे होतं."

"मला सांगायचं ना मग हे," गीतांजली म्हणाली.

"सुचलं न्हाई," वैजनाथ म्हणाला. तिनं त्याच्या कपात परत चहा ओतला.

पुढची बोलणी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांत झाली. कागद यथावकाश झाले. ते सगळं इथं सांगत नाही, कारण त्यात भांडण नव्हतं आणि भांडण नसलेल्या गोष्टी मला सांगता येत नाहीत. लोकांनी मात्र आपला वाटा उचलला. शेषेरावाची पहिली सोयरीक मोडली, तीही घरचीच, असं पारावर, दळणाच्या गिरणीत, एसटीत, सगळीकडं बोलून झालं. ज्यांच्या पोरांच्या सोयरिकी तो बघत होता त्यांतल्या काहींनी हळूच निरोप धाडला, की आता घाई नाही.

महिना संपायच्या आत एका सकाळी आम्ही तिघं ते मशीन वाकळीत गुंडाळून एसटीनं लातूरला निघालो. शेषेराव, गीतांजली आणि मी. मशीन शेषेरावाच्या मांडीवर होतं. मुरुडच्या स्टँडवर ओळखीची एक बाई गाडीत चढली. तिनं वाकळीकडं पाहिलं, गीतांजलीकडं पाहिलं, आणि विचारलं, "काय ओ कंडक्टर, परत चालवलं का?"

साऱ्या गाडीनं कान टवकारले. मी काहीतरी सारवासारव तयार करत होतो. दुरुस्तीला नेतोय, असं काहीतरी चांगलं सुचतही होतं.

"हाव," शेषेराव म्हणाला. "दोन्हीबी जोडण्या."

बाई पुढं जाऊन बसली. गीतांजलीनं खिडकीबाहेर तोंड केलं. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही, आणि माझ्या कानावर विश्वास ठेवायचं मी तोवर सोडलं होतं.

गुरुपादप्पांनी काही टोमणा मारला नाही. मागच्या कपाटावरून आमचे पुठ्ठ्याचे खोके तेवढे काढले, तसेच जपून ठेवलेले. घरी आहेत तसलेच दोन उंच बॉक्स त्यांनी ओढून पुढं आणले, पाठीमागं तीन अ‍ॅम्प्लिफायर मांडले, आणि सवयीनं शेषेरावाकडं पाहिलं. शेषेराव बाजूला झाला. म्हणाला, "तिला दावा. ऐकणार तीच हाय."

गीतांजलीनं मोबाइल जोडला. स्वतःच्या आवडीचं गाणं लावलं आणि आवाज वर नेला. आणखी वर. शेजारच्या दुकानदारानं डोकं बाहेर काढलं. ती पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेली, हाताची घडी घालून उभी राहिली आणि पूर्ण गाणं तिथून ऐकलं. रिक्षा मधून जात होत्या, तरी ती तिथंच. पहिलं मशीन ऐकून बाजूला सारलं, दुसरं ऐकलं. दुसरं मला फार आवडलं. ढोलकी बंद पडत नव्हती, आवाज रस्त्यापर्यंत जात होता, दिव्यांचा रंगही छान होता. मी मत द्यायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

ती रस्ता ओलांडून परत आली. "ह्यो नको," म्हणाली.

गुरुपादप्पांनी विचारलं, "का बाई? ह्यो तर ह्या बॉक्सना पुरून उरतोय."

"सांगता येत न्हाई. नको वाटतोय."

मी शेषेरावाकडं पाहिलं. इतक्या पोरींचे नकार त्यानं ऐकले होते आणि प्रत्येकीला, प्रत्येकीच्या बापाला त्यानं एकच विचारलं होतं, कारण सांगा. कारणाशिवायचा नकार त्यानं कधी घरी नेऊ दिला नव्हता. आताही त्याचं तोंड त्याच आकाराचं झालेलं मला दिसलं. खाली गेलेला खांदा त्यानं दुकानाच्या काचेला टेकवला.

"गुरुपादप्पा," तो म्हणाला, "दुसरा दावा."